तात्पुरता साठा की संग्रह? ऑफलाइन सॉफ्टवेअर-संदर्भसाहित्याच्या फोल्डरची चिकित्सा : ओतूर परिसराच्या संदर्भात

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो. पुस्तकाची आवृत्ती, प्रकाशनवर्ष, किंमत आणि आल्याची तारीख नोंदवहीत चढते. पुस्तक बाद करायचे झाल्यास त्याचीही रीतसर कार्यवाही होते. त्याच इमारतीतील संगणक प्रयोगशाळेत मात्र संदर्भसाहित्याचा दुसरा एक साठा असतो आणि त्याला यांपैकी कोणताही नियम लागू होत नाही. पायथन, जावा, पीएचपी यांचे डॉक्युमेंटेशन कोणीतरी, केव्हातरी उतरवून घेतलेले असते. ते 'डॉक्स', 'न्यू डॉक्स', 'डॉक्स फायनल' अशा नावांच्या फोल्डरांत पडून राहते. ते कोणत्या आवृत्तीचे आहे हे फोल्डर उघडल्याशिवाय, आणि कित्येकदा उघडल्यावरही, कळत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा फोल्डर आहे. विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे, कारण फोल्डर म्हणजे प्रयोगशाळा साहाय्यकाचे काम अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः येथे प्रश्न संदर्भाच्या विश्वासार्हतेचा आहे. ऑफलाइन वाचनाची सोय देणाऱ्या बहुतेक साधनांनी या साहित्याकडे तात्पुरता साठा म्हणून पाहिले आहे. तात्पुरता साठा एका वापरकर्त्यापुरता असतो, नजरेआड राहतो आणि पुसला गेला तरी पुन्हा उतरवता येतो असे गृहीत धरतो. महाविद्यालयाला हवा असतो तो संग्रह, म्हणजे सर्वांसाठी खुला, नोंद असलेला आणि विशिष्ट आवृत्तीला बांधलेला साठा. या दोन कल्पनांतील अंतर भरून काढण्याचे काम कोणाकडेही सोपवलेले नसते आणि त्याची किंमत विद्यार्थी मोजतो.

ओतूरचा संदर्भ

ओतूर हे जुन्नर तालुक्यातील, कल्याणहून माळशेज घाटमार्गे अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावरील बाजारपेठेचे गाव. येथील महाविद्यालयीन शिक्षणावर परिसरातील बागायती गावांप्रमाणेच तालुक्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्टाही अवलंबून आहे. मराठी माध्यमातून शालेय शिक्षण पूर्ण करून संगणकशास्त्राकडे वळणारा विद्यार्थी येथे अपवाद नाही. अशा विद्यार्थ्याचा स्वतःचा संगणक नसेल, तर सॉफ्टवेअरशी त्याचा संबंध मुख्यतः प्रयोगशाळेतील तासांपुरताच येतो.

यावर एक आक्षेप साहजिक आहे. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले, जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात ते आले. मग ऑफलाइन साहित्य सांभाळण्याचा खटाटोप कशासाठी? प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी संगणकांचे इंटरनेट बंद ठेवावे लागते, हे एक उत्तर झाले. आयसीपीसी या आंतरराष्ट्रीय महाविद्यालयीन प्रोग्रामिंग स्पर्धेतही स्पर्धकाला बाहेरचे जाळे उपलब्ध नसते. परंतु स्पर्धेच्या संगणकांवर त्या त्या प्रोग्रामिंग भाषेचे डॉक्युमेंटेशन ठेवलेले असते. संदर्भ पाहणे आणि उत्तर उतरवून घेणे यांत फरक आहे, हे तेथे मान्य केलेले दिसते. आपल्याकडील प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र इंटरनेटबरोबर संदर्भही बंद होतो. विद्यार्थ्याची परीक्षा मग बऱ्याच अंशी पाठांतराची होते.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. ऑनलाइन डॉक्युमेंटेशन स्वभावतः नव्यात नव्या आवृत्तीचे असते, तर प्रयोगशाळेतील सॉफ्टवेअर तिथल्या यंत्रांना झेपेल त्या आवृत्तीचे असते. विंडोज ७ वर चालणारी पायथनची शेवटची आवृत्ती ३.८ होय. ज्या यंत्रांवर अजूनही विंडोज ७ आहे, तेथे ३.८ च्या पुढे जाता येत नाही. पायथनच्या संकेतस्थळावर शोध घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मात्र 'मॅच' हे विधान येते. ते ऑक्टोबर २०२१ मधील ३.१० या आवृत्तीत प्रथम आले. विद्यार्थी ते जसेच्या तसे टंकित करतो आणि यंत्र वाक्यरचनेची चूक दाखवते. चूक त्याच्या आकलनाची नसते, संदर्भाची असते. पण त्याला तसे वाटत नाही. 'आपल्याला प्रोग्रामिंग जमत नाही' हा निष्कर्ष तो काढून बसतो. जुन्या आवृत्तींची पानेही त्याच संकेतस्थळावर जपलेली आहेत हे खरे. परंतु आवृत्ती निवडावी लागते हे ज्याला माहीत असते त्याला मुळात ही अडचण येतच नाही.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. पीएचपीमधून मायएसक्यूएलशी जोडणी करणारी जुनी फंक्शने ५.५ या आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० मधून ती काढून टाकण्यात आली. त्याआधी उतरवून ठेवलेली माहितीपुस्तिका प्रयोगशाळेत पडून असेल आणि यंत्रावर पीएचपी ७ किंवा ८ असेल, तर पुस्तिकेतील निर्दोष उदाहरण चालणार नाही. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. तरीही कंसाविना 'प्रिंट' लिहायला शिकवणारे फोल्डर तसेच राहू शकतात, कारण ते काढण्याचे कोणालाच कारण नसते. तात्पर्य, ऑफलाइन साठा नसणे ही गैरसोय होय. पण आवृत्तीची नोंद नसलेला ऑफलाइन साठा असणे त्याहून वाईट, कारण तो अधिकारवाणीने चुकीचे सांगतो.

साधनांची रचना

आज मध्यमवयीन असलेल्या अध्यापकवर्गाची पहिली ओळख टर्बो सी मधील मदतीशी झाली. शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि एफ-१ दाबले की त्या फंक्शनची माहिती समोर येई. संकलक आणि त्याचे डॉक्युमेंटेशन एकाच संचातून येत असल्याने आवृत्तीचा घोळ होणे शक्य नव्हते. फोल्डर सांभाळण्याचा प्रश्नही नव्हता. या सोयीची एक बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. त्या मदतीत प्रमाणित सी भाषेतील फंक्शने आणि 'क्लिअरस्क्रीन'सारखी केवळ त्या कंपनीची फंक्शने शेजारी शेजारी दिसत. फरक सांगितलेला असला तरी तो कोणी वाचत नसे. परिणामी पडदा साफ करणे हा सी भाषेचाच भाग आहे, असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. डॉक्युमेंटेशन कोणाचे आणि कशाबद्दलचे, हा शिक्का त्यावर ठळक असणे किती आवश्यक आहे, याचे हे जुने उदाहरण होय.

त्यानंतर आलेल्या सीएचएम या स्वरूपाने संपूर्ण पुस्तिका एका फाइलमध्ये आणली. अनुक्रमणिका, शोध आणि मजकूर एकत्र असलेली ही फाइल सर्व्हरवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवायची आणि सर्व यंत्रांवरून उघडायची, ही प्रयोगशाळेची स्वाभाविक पद्धत होती. जून २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षिततेच्या कारणास्तव एक सुधारणा प्रसृत केली. तिच्यानंतर जाळ्यावरून उघडलेल्या सीएचएम फाइलची अनुक्रमणिका दिसते, पण उजवीकडील पान कोरे राहते. सुधारणा आवश्यक होती, याबद्दल शंका नाही. टीका आहे ती तिच्यामागील गृहीतकावर. दस्तऐवज प्रत्येक यंत्रावर वेगळाच असणार, सामायिक ठेवणे हा अपवादच असणार, असे ते गृहीतक होते. चाळीस यंत्रे आणि एक साहाय्यक अशा प्रयोगशाळेत वस्तुस्थिती नेमकी उलट असते.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१० च्या वेळी हाच दृष्टिकोन वेगळ्या रूपाने पुढे आला. त्यातील मदत-भांडार कोठे ठेवायचे हे पहिल्यांदा उघडताना एकदाच ठरवता येत असे. नंतर ते बदलण्याची सोय त्या साधनात नव्हती. घाईत 'पुढे' हे बटण दाबणाऱ्याच्या निर्णयावर ते भांडार कायमचे सी ड्राइव्हमध्ये जाऊन बसे.

सध्या मुक्त साधनांमध्ये झील हे डॉक्युमेंटेशन-वाचक चांगले आहे. मॅक संगणकावरील डॅश या साधनाचे 'डॉकसेट' हे स्वरूप ते वापरते. डॉकसेट म्हणजे एचटीएमएल पानांचा एक फोल्डर आणि त्यासोबत एसक्यूलाइट या पद्धतीतील निर्देशांकाची फाइल. शोध अत्यंत वेगवान आहे आणि इंटरनेटची गरज फक्त उतरवून घेतानाच पडते. तथापि विंडोजवर डॉकसेटचा साठा वापरकर्त्याच्या खात्यातील एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जातो. प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते स्वतंत्र असेल, तर एकाच यंत्रावर तोच जावा-डॉकसेट अनेकदा साठू शकतो. साठ्याचा मार्ग बदलण्याची सोय पसंती-पटलात आहे. पण तो बदलही खात्यागणिक स्वतंत्रपणे करावा लागतो. 'अद्ययावत करा' हे बटण जुन्या मजकुराच्या जागी नवा आणते. पायथन २ आणि ३ यांसारखे मोठे भेद वेगळ्या डॉकसेटमध्ये राखलेले आहेत, ३.८ आणि ३.१० यांतील भेद मात्र बटण दाबताच पुसला जातो. घरी स्वतःच्या यंत्रावर नवीन सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला यात काहीच वावगे वाटणार नाही.

येथे एका व्यावहारिक बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. डॉकसेटमध्ये हजारो लहान फाइली असू शकतात. ३२ गिगाबाइटच्या पेन-ड्राइव्हवर फॅट-३२ ही पद्धत असेल, तर सर्वसाधारणपणे सर्वांत लहान फाइलही १६ किलोबाइट जागा अडवते. सरासरी ३ किलोबाइटच्या दहा हजार पानांचा मजकूर भरतो सुमारे ३० मेगाबाइट, पण जागा व्यापतो सुमारे १६० मेगाबाइट. जागेपेक्षा वेळेचा प्रश्न मोठा. तेवढ्याच आकाराची एक फाइल चटकन उतरते, तर हजारो फाइलींना कितीतरी पट अधिक वेळ लागतो, आणि मध्येच वीज गेली तर कोणत्या फाइली राहिल्या हे कळत नाही. अपुरा उतरलेला डॉकसेट बाहेरून पूर्ण दिसतो.

देवडॉक्स हे ब्राउझरमधून चालणारे साधन याहून सुटसुटीत आहे. परंतु त्याचा ऑफलाइन साठा ब्राउझरच्या स्वतःच्या भांडारात राहतो. त्याला फोल्डर म्हणून पाहता येत नाही, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येत नाही, आणि 'ब्राउझरमधील माहिती साफ करा' या एका आज्ञेने तो नाहीसा होतो. सत्रारंभी सर्व यंत्रे नव्याने बसवणाऱ्या प्रयोगशाळेत त्याचा उपयोग मर्यादितच राहणार. किविक्स या प्रकल्पाचे झिम हे स्वरूप संग्रहाच्या कल्पनेच्या सर्वांत जवळचे म्हणावे लागेल. संपूर्ण साहित्य संकुचित रूपात एकाच फाइलमध्ये असते आणि एका सर्व्हरवरून ते स्थानिक जाळ्यातील सर्व यंत्रांच्या ब्राउझरला पुरवता येते. झिम फाइलच्या नावात तयार झाल्याचे वर्ष व महिना लिहिण्याची प्रथा आहे. पण महिना म्हणजे सॉफ्टवेअरची आवृत्ती नव्हे, हे लक्षात ठेवावे लागते.

खोडदचे उदाहरण

साधनांच्या या उणिवा अपरिहार्य आहेत काय? तसे नसल्याचा पुरावा जुन्नर तालुक्यातच आहे. नारायणगावजवळील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिच्याकडून मिळणाऱ्या निरीक्षणांच्या विश्लेषणासाठी खगोलशास्त्रज्ञांनी एप्स ही आज्ञावली-प्रणाली दीर्घकाळ वापरली. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिचे काम सुरू झाले. तिच्यातील डॉक्युमेंटेशनची व्यवस्था अभ्यासण्याजोगी आहे.

एप्समध्ये प्रत्येक कार्यासाठी एक मदत-फाइल असते आणि ती त्या आवृत्तीच्याच फोल्डरखाली राहते. फाइलीचे तीन भाग असतात. पहिल्यात त्या कार्याला द्यावयाच्या घटकांची यादी, दुसऱ्यात संक्षिप्त मदत आणि तिसऱ्यात सविस्तर विवेचन. यातील मर्म पहिल्या भागात आहे. कार्य सुरू करताना प्रणाली स्वतःच ती यादी वाचते आणि कोणते घटक पुढे पाठवायचे ते ठरवते. म्हणजे माणसाने वाचायचे आणि यंत्राने वाचायचे एकाच फाइलीत आहे. फाइल हरवली तर कार्यच चालणार नाही. ती जुनी राहिली तर विसंगती लगेच उघड होईल. प्रणालीच्या जुनी, नवी आणि चाचणीची अशा आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता येत, आणि प्रत्येकीचे डॉक्युमेंटेशन तिच्यासोबतच असे. चाचणीची आवृत्ती 'मध्यरात्रीचे काम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वयंचलित प्रक्रियेने अद्ययावत होई, तेव्हा आज्ञावलीबरोबर मदत-फाइलीही बदलत.

डेबियन या लिनक्स वितरणाचा नियम याच्या नेमका विरुद्ध आहे. तेथे डॉक्युमेंटेशन एका ठरावीक सामायिक फोल्डरमध्ये, प्रत्येक पॅकेजच्या नावाने राहते. आणि कोणतीही आज्ञावली चालण्यासाठी त्या फोल्डरमधील फाइलींवर अवलंबून असता कामा नये, असे धोरणच आहे. जागा कमी असलेल्या यंत्रावरून संपूर्ण डॉक्युमेंटेशन काढून टाकता यावे, हा त्यामागील हेतू. हेतू योग्य असला तरी त्यातून डॉक्युमेंटेशनचे दुय्यमत्व अधोरेखित होते, हे नाकारता येत नाही. तरीही डेबियनने एक गोष्ट साधली आहे. मोठ्या सॉफ्टवेअरचे डॉक्युमेंटेशन स्वतंत्र पॅकेज म्हणून त्याच भांडारातून, सर्वसाधारणपणे त्याच आवृत्तीचे मिळते. ते कोठे जाईल आणि कसे काढायचे हे पॅकेज-व्यवस्थापक जाणतो. लिनक्स वापरणाऱ्या प्रयोगशाळेने संकेतस्थळावरून वेगळी पुस्तिका उतरवून घेण्याआधी ही सोय वापरावी, हे अधिक श्रेयस्कर. ती बहुधा वापरली जात नाही, कारण ती आहे हेच ठाऊक नसते.

मराठी साहित्याचा प्रश्न

वरील सर्व साहित्य इंग्रजीत आहे. ओतूर परिसरातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही अडचण आवृत्तीपेक्षाही आधीची. या संदर्भात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प विशेष उल्लेखनीय ठरतो. सुमारे दहा मिनिटांचे पाठ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रण आणि हवे ते विषय व भाषा निवडून एकत्र संच उतरवून घेण्याची सोय, ही त्याची वैशिष्ट्ये. इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेचा विचार येथे आरंभापासूनच झालेला आहे.

या पाठांची एक शिस्त अन्य साधनांनी घ्यावी अशी आहे. पाठाच्या सुरुवातीसच कोणती कार्यप्रणाली आणि सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली आहे, हे सांगितले जाते. सी भाषेच्या पहिल्या पाठात उबुंटू ११.१० आणि जीसीसी ४.६.१ यांचा उल्लेख येतो. पायथनच्या एका पाठमालिकेच्या नावातच ३.४.३ हा आवृत्ती-क्रमांक आहे. हे क्रमांक आज जुने झाले आहेत, आणि येथेच समीक्षकाची अडचण होते. मराठीतून समजावणारे साहित्य जुन्या आवृत्तीचे, तर नव्या आवृत्तीचे साहित्य इंग्रजीत. केवळ जुने म्हणून मराठी पाठ फोल्डरमधून काढून टाकणे अविचाराचे ठरेल. सी भाषेतील पॉइंटरची संकल्पना जीसीसीच्या आवृत्तीबरोबर बदलत नाही. मेनूतील जागा आणि स्थापनेच्या पायऱ्या बदलतात. म्हणून अशा पाठांसोबत अध्यापकाने मराठीत एक पानभर टीप ठेवावी आणि कोणत्या मिनिटाला दाखवलेली कृती प्रयोगशाळेतील यंत्रावर वेगळी आहे, एवढेच तीत लिहावे. हे काम विषयाच्या अध्यापकालाच जमेल, साहाय्यकाला नव्हे.

जबाबदारी आणि नोंद

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवण्याला आणि ग्रंथालयाच्या वाढत्या स्वरूपाला स्थान आहे. वाढ म्हणजे केवळ भर नव्हे, निवड आणि निष्कासनही. संगणक विभागाने हा फोल्डर ग्रंथपालाच्या कक्षेत कधी आणलाच नाही आणि ग्रंथपालानेही तो मागितला नाही. विभागाला ती तांत्रिक बाब वाटते, ग्रंथालयाला ती आपल्या भिंतीबाहेरची वाटते. वास्तविक पाहता दाखल-नोंदवहीत एक पान वाढवण्यापलीकडे यात मोठे काही नाही. साहित्याचे नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती, भाषा, उतरवल्याची तारीख, अधिकृत स्रोत, परवाना आणि ते ज्या प्रश्नपत्रिकेसाठी लागते तिचा सांकेतांक, इतकी नोंद पुरेशी आहे. फोल्डरच्या नावातही सॉफ्टवेअर आणि आवृत्ती याच क्रमाने यावी. 'नवीन' हा शब्द नावात असू नये, कारण तो वर्षभरात खोटा ठरतो.

एके काळी जुन्नरचा हातकागद मराठी दप्तरांत वापरला जाई. परंतु कागद चांगला म्हणून दप्तर लागत नाही. रुमालात काय बांधले आहे हे वरून कळावे लागते. पुण्याच्या पेशवे दप्तरात काम केलेल्या संशोधकांना याचा अनुभव आहे.

मूळ प्रत सर्व्हरवर एकच असावी, विद्यार्थ्यांना ती फक्त वाचता यावी आणि तिच्यात बदल करण्याचा अधिकार एकाच खात्याकडे असावा. सामायिक फोल्डर थेट उघडू देण्यापेक्षा ते साहित्य स्थानिक जाळ्यावर ब्राउझरमधून पुरवणे अधिक सुरक्षित. सीएचएमची कोरी पाने आणि खात्यागणिक वाढणाऱ्या प्रती या दोन्ही अडचणी त्यामुळे टळतात. पेन-ड्राइव्हवरून प्रत नेताना सुटा फोल्डर न नेता एकच संकुचित फाइल न्यावी आणि उतरल्यावर तिचा तपासणी-अंक मूळ अंकाशी जुळवून पाहावा. मात्र फॅट-३२ वर ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही, ही मर्यादा झिमसारख्या मोठ्या फाइलींना आड येते.

सॉफ्टवेअर आणि त्याचे डॉक्युमेंटेशन एकाच दिवशी बदलावे. हा नियम सांगण्यास सोपा असला तरी अभ्यासक्रमाच्या संक्रमणकाळात त्याची कसोटी लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०१९ च्या अभ्यासक्रमामागून २०२४-२५ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येत गेला. अशा काळात जुन्या अभ्यासक्रमाचे अनुत्तीर्ण विद्यार्थी आणि नव्याचे नियमित विद्यार्थी एकाच प्रयोगशाळेत बसतात, क्वचित एकाच यंत्रावर पाठोपाठ बसतात. जुन्यांचे प्रात्यक्षिक जुन्या आवृत्तीवर बेतलेले असते आणि त्यांची संख्या इतकी थोडी असते की त्यांच्यासाठी कोणी वेगळी व्यवस्था करत नाही. नवे साहित्य आले म्हणून जुना फोल्डर पुसला, तर नेमक्या त्या विद्यार्थ्यांचा संदर्भ जातो ज्यांना तो सर्वाधिक लागतो. जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची पुनर्परीक्षा संपेपर्यंत दोन्ही आवृत्त्यांचे फोल्डर सर्व्हरवर शेजारी शेजारी, आपापल्या क्रमांकांसह राहावेत; त्यानंतर जुना फोल्डर वेगळ्या डिस्कवर हलवून नोंदवहीत तशी तारीख घालावी.